धुळाजीच्या वाड्याचा पत्ता

"सोम्या, तुझ्या बापाकडं एक बी मेंढरू न्हाई म्हणं बे."

फोनवर युवराज असं म्हणाला तेव्हा सोमेश्वर हसला. युवराज सिरसाळ्याकडे जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. अंबाजोगाईला शिकायला असताना दोघं एकाच खोलीत राहिले होते, आणि तेव्हापासून थट्टा केल्याशिवाय युवराजचा फोन कधी सुरू झालेला नव्हता. पण या वेळी पलीकडून हसू आलं नाही.

"मस्करी न्हाई करत. देवीच्या लसीची यादी आलीय वरून. हरिबाचा वाडा शून्य, सिदूचा शून्य, तुमचा शून्य. आपल्या शिवारातले नऊच्या नऊ वाडे शून्य. बाकी समद्यांना आकडे हायेत."

सोमेश्वरने फोन कानाला धरूनच संगणकावर पत्ता टाकला. पान लगेच उघडलं. धुळाजी देवकते यांचा वाडा, मुक्काम सिरसाळा शिवार, मेंढ्या तीनशे बारा, घोडी दोन, कुत्री तीन. वर धुळाजीचा फोटो, लाल फेट्यातला, कॅमेऱ्याकडे न बघता मेंढरांकडे बघणारा.

"मला तर तीनशे बारा दिसतायत."

"मला बी दिसतायत की! मोबाईलवर उघडून बघितलं म्या. तुला दिसतंय, मला दिसतंय. यादी करणाऱ्याला कावून दिसलं न्हाई, ते सांग."

यादी करणारा माणूस असता तर सोमेश्वरने त्याला फोन लावला असता. पण यादी यंत्राने केली होती, आणि त्या यंत्राला उत्तर द्यायचं काम सोमेश्वरच्या सर्व्हरचं होतं.

धनगरांचा वाडा म्हणजे चिरेबंदी भिंती नव्हेत. तीन-चार बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, सामान लादायला घोडी, राखणीला कुत्री, आणि मुक्काम आज या रानात तर परवा त्या. ऊस तुटून गेला की शेतकरी बोलावतात, मेंढरं चार दिवस रानात बसतात, लेंडीखत पडतं, की वाडा पुढे. लस गावात यायची तेव्हा वाडा भलत्याच शिवारात असायचा, आणि वाडा गावाजवळ यायचा तेव्हा लस संपलेली असायची. धुळाजीचं सारं आयुष्य या चुकामुकीत गेलं होतं. त्याचा थोरला पोरगा वाड्यांना पत्ते देण्याच्या कामाला लागला त्यात नवल नव्हतं.

तो प्रकल्प अंबाजोगाईतल्या एका महाविद्यालयात चाले. सोमेश्वर तिथे कंत्राटावर होता, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. काम असं की प्रत्येक वाड्याला इंटरनेटवर स्वतःचा एक पत्ता द्यायचा. वाडा कुठेही हलला तरी पत्ता हलायचा नाही. त्यावर मेंढरांचा आकडा, जात, मागची लस, सध्याचा मुक्काम. वाड्याची गाठ शिवाराशी बांधलेली, शिवाराची दवाखान्याशी, दवाखान्याची तालुक्याशी. त्या प्रत्येकालाही आपापला पत्ता. कुठूनही सुरुवात करावी आणि गाठीगाठीने चालत धुळाजीच्या मेंढरांपर्यंत पोचावं.

यातली खरी करामत सोमेश्वरची होती. पत्ता एकच, पण उत्तरं दोन. माणसाने मोबाईलवरून विचारलं की त्याला फोटोबिटो घालून सजवलेलं मराठी पान मिळे. यंत्राने विचारलं की त्याला त्याच्या भाषेतली कोरडी नोंद मिळे. विचारणारा दारात उभा राहतानाच सांगतो, मला अमुक रूपात द्या, आणि सर्व्हरने ते ऐकून तसं वाढायचं. सर्व्हरला एवढी रीतभात शिकवण्यात सोमेश्वरचे अडीच महिने गेले. मोठ्या कौतुकाने त्याने ते आईला समजावून सांगितलं होतं. कडूबाईला त्यात काडीचं नवल वाटलं नाही.

"पाव्हणा आला तर च्या ठिवायचा अन् मेंढराचा व्यापारी आला तर मेंढरं दावायची," ती म्हणाली. "व्यापाऱ्याला नुस्ता च्या पाजून कोण वाटंला लावतंय?"

असं करणारा आपलाच पोरगा निघेल, हे तिला कुठून ठाऊक असणार!

युवराजचा फोन ठेवून सोमेश्वरने सर्व्हरचं दप्तर उघडलं. कोण कधी आलं, काय मागून गेलं, हे सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. वरचं यंत्र आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता आलं होतं. पहिल्यांदाच येणार होतं, आणि तिथून पुढे दर तीन महिन्यांनी एकदा. एकशे शहाण्णव वाड्यांपुढे त्याची पावलं उमटलेली होती. या नऊ वाड्यांपुढे मात्र अकरा वाजता कोणीच आलेलं नव्हतं. दार वाजलंच नव्हतं.

नऊच्या सुमाराला मात्र तिथे कोणीतरी येऊन गेलं होतं. नऊ वाड्यांत, एकापाठोपाठ एक. तो माणूस कोण, हे शोधायला सोमेश्वरला दप्तर वाचावं लागलं नाही.

तो स्वतःच होता. मुलगी बघायला पाव्हणे यायच्या दिवशी बाप दहा वेळा ओसरी झाडून घेतो, तसं त्याचं झालं होतं. आज यंत्र येणार, आपल्या माणसांचं सगळं ठाकठीक आहे ना? दोनशे पाच वाड्यांपैकी हे नऊ त्याने स्वतः रानोमाळ हिंडून नोंदवलेले. म्हणून नवाच्या ठोक्याला कार्यालयात येऊन त्याने एकेक पान उघडून डोळे भरून पाहिलं. पाहून समाधानाने चहाला गेला.

आणि तिथेच माती खाल्ली होती. पंधरा दिवसांपूर्वी वरून हुकूम आला होता की सगळ्या सर्व्हरांनी आता एका सामाईक फाटकाच्या आत राहायचं. फाटकावर कॅशे असते, म्हणजे साठवण. एकदा दिलेल्या उत्तराची नक्कल ती चोवीस तास जवळ ठेवते आणि पुढचा कोणी त्याच पत्त्यावर आला की आतल्याला न उठवता ती नक्कलच हातावर ठेवते. चांगली सोय होती. फक्त ज्याच्या घरी माणसागणिक उत्तर बदलतं, त्याने फाटकाला तसं बजावून ठेवायचं असतं: बाबा रे, माझं उत्तर विचारणाऱ्यावर आहे, एकाचं दुसऱ्याला देऊ नकोस. एका ओळीचं काम. ती ओळ सोमेश्वरने लिहिलेली नव्हती. तो सर्व्हर उभा करत होता तेव्हा फाटकच नव्हतं, आणि फाटक आलं तेव्हा सहा पानी हुकूम वाचून त्याला वाटलं की आपल्याकडे सगळं झालेलं आहे. त्याने तपासलंही होतं, माणूस होऊन एका वाड्यावर आणि यंत्र होऊन दुसऱ्या वाड्यावर. एकाच दारात दोन वेषांत जाऊन बघायचं त्याला सुचलं नाही.

नऊ वाजता त्याने पाहिलेली पानं फाटकाने जपून ठेवली. अकरा वाजता यंत्र नोंद मागायला आलं, आणि त्याच्या हातावर फेट्यातल्या धुळाजीचा फोटो पडला. यंत्राला तो वाचता येईना. त्याने शून्य लिहिलं आणि पुढे गेलं. ज्या वाड्यांकडे त्या सकाळी कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यांचं सगळं सुरळीत झालं.

सोमेश्वरला बाप आठवला. नोंदणीच्या वेळी धुळाजीने मेंढरांचा आकडा सांगायलाच नकार दिला होता. आकडा तोंडाने बोलू नये, नजर लागते. "लई बघू नगंस अन् लई मोजू नगंस," म्हणून तो पाठमोरा बसला होता. शेवटी सोमेश्वरने मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभं राहून स्वतः मोजली आणि संध्याकाळी म्हाताऱ्याने सगळ्या कळपावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तेव्हा सोमेश्वर पोट धरून हसला होता. आता त्याला हसू येईना, आणि बापाचं म्हणणं खोटं आहे असं छातीठोक म्हणताही येईना.

ती ओळ लिहायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. मग तो दोन्ही वेषांत प्रत्येक दारात जाऊन आला. सगळं बरोबर. पण यंत्र आता वैशाखाशिवाय येणार नव्हतं आणि हा माघ होता.

मोहिनी मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक आपली आहे."

"माझी आहे, मॅडम."

"पत्रात 'आपली' लिहू. तुझी लिहिलं तर तुला घरी पाठवतील, आणि मेंढ्यांना लस मिळेलच असं नाही."

पत्र त्याच दिवशी गेलं. झालं काय, कसं झालं, नऊ वाड्यांचे आकडे, सगळं. तिसऱ्या दिवशी संगणकावर उत्तर आलं: 'दिलेले पत्ते उघडून पाहिले. माहिती व्यवस्थित दिसत आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' मॅडमनी दुसरी तक्रार टाकली. तिचंही तेच उत्तर आलं, शब्दही तेच. मग त्यांनी इकडून तिकडून एका साहेबांचा नंबर मिळवला आणि सोमेश्वरला समोर बसवून फोन लावला.

"मॅडम, मी आत्ता तुमच्याशी बोलता बोलता उघडलंय," साहेब अगदी सौजन्याने म्हणाले. "धुळाजी देवकते. तीनशे बारा. फोटोसुद्धा आहे. मग अडचण काय आहे?"

"सर, तुम्हाला दिसतंय. तुमच्या यंत्राला त्या दिवशी दिसलं नाही. त्याला नोंदीऐवजी हे पान मिळालं."

"पान मिळालं ना? मग झालं तर."

"सर, ते पान त्याला वाचता येत नाही."

"मॅडम, मराठीत आहे म्हणून का? तसं असेल तर इंग्रजीत करून घ्या."

मॅडमनी डोळे मिटले. सोमेश्वरने खूण करून फोन मागितला आणि फाटक, नक्कल, दोन उत्तरं, सगळं जीव तोडून सांगितलं. साहेबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं तांत्रिक असेल ते बरोबरच असेल. पण मला समोर माहिती दिसत असताना माहिती नव्हती असं मी कसं लिहून देऊ?"

माणूस वाईट नव्हता. तोच तर सगळा घोळ होता. जो जो मदत करायला धजे, तो तो आधी पत्ता उघडून बघे, आणि बघितलं की त्याला सगळं आबादीआबाद दिसे. सोमेश्वरच्या मनात आलं, आपणच ही पानं पाडून टाकावीत, दिसूच नयेत कोणाला. बिघाड डोळ्यांना दिसला असता तर कोणीतरी दुरुस्तीला धावलं तरी असतं. मॅडमनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"असलं काही करू नकोस," त्या म्हणाल्या. "मग आपण दोघंही चोर ठरू. माझाही कागद अकरा महिन्यांचाच आहे, सोमेश्वर."

युवराजचं म्हणणं वेगळंच. "आधी बरं व्हतं बे. यादी चुकली की सायेब लाल पेनानं खोडून वर आकडा लिवायचे अन् सही ठोकायचे. आता खोडू कुठं? काचंवर?"

फाल्गुन लागता लागता पाली गावाकडून वर आलेल्या एका वाड्याने देवीची साथ आणली. पाणवठा एकच, त्यामुळे आठ दिवसांत ती हरिबाच्या मेंढरांत आली आणि पुढच्या सोमवारी धुळाजीच्या. आधी अंग तापतं, डोळ्यानाकातून पाणी गळतं, मग जिथे लोकर नाही तिथे, मांडीत, शेपटाखाली, ओठांवर फोड येतात. कोकरं पहिली जातात. कडूबाईने लिंबाचा पाला आणला, हळद लावली, देवीला भाकरी-दही ठेवलं. सोमेश्वर रजा टाकून वाड्यावर गेला तेव्हा कळप दोन भागांत बांधलेला होता, आजारी ओढ्याच्या खाली आणि बरी वर. सिदूचं बिऱ्हाड पलीकडच्या बांधाला उतरलेलं. सिदू लांबच्या नात्यातला, वेगळा वाडा करून राहिलेला, त्याची सगळी मिळून पन्नास मेंढरं.

रविवारी दुपारी युवराजची मोटारसायकल धुरळा उडवत आली. मागे बर्फाची पेटी बांधलेली होती.

"काका, लवकर!" उतरायच्या आधीच तो ओरडला. "वरच्या तांड्यावर फोडलेली बाटली हाय. चाळीस मेंढरांपुरती उरलीय. दोन तासांत संपली पायजे, न्हाईतर फेकायची. चांगली दिसतायत ती धरा."

सोमेश्वरने दोरी उचलली. धुळाजी जागचा हलला नाही.

"ही यादीतली हाय का?" त्याने विचारलं.

"न्हाई काका. उरलेली हाय. कुणाला बी देता येती."

"मग सिदूला दे."

"आबा!" सोमेश्वर जवळजवळ ओरडला. "आपल्याकडं दोनशे अजून धड हायेत. चाळीस तरी वाचतील."

"सिदूच्यात अजून शिरली न्हाई. त्याची चाळीस म्हंजी समदीच वाचत्याल. आपली चाळीस देवीच्या तोंडातली, वाचली तर वाचली." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आन् तू हापिसात हाईस. उद्या लोक म्हणत्याल, नऊ वाड्यांला लस आली न्हाई अन् धुळाजीच्या दारात बरी आली. तुजं नाव खराब हुईल."

आपलं नाव! सोमेश्वरला त्या क्षणी धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याने तोंड उघडलं, पण युवराज घड्याळाकडे बघत होता आणि सिदू बांधावरून पळत येत होता. चाळीस मेंढरं टोचून होईपर्यंत तो सिदूच्या शेजारी उभा राहून एकेक धरून देत राहिला. सिदू दर मेंढराला म्हणे, "काकांचं उपकार लई झालं." ते ऐकवेना.

पुढच्या तेरा दिवसांत धुळाजीची सव्वादोनशे मेंढरं गेली. पहिले चार दिवस कडूबाई रडली. मग रडायचं राहून तिने भाकऱ्या थापायला घेतल्या, कारण खड्डे खणायला बांधाबांधावरून माणसं येत होती आणि उपाशी माणसाकडून असलं काम करून घेऊ नये, असं ती म्हणे. मालकाने रानाचा कडेचा पट्टा दिला. खड्ड्यात मेंढरं, वर चुना, वर माती. धुळाजी प्रत्येकाला ओळखत होता. ही बांडी, ही मुकी, ही गेल्या साली जुळं दिलेली. नाव घेऊन तो मेंढरू खड्ड्यात ठेवायचा, टाकायचा नाही.

सिदूची दोन गेली. बाकीची अठ्ठेचाळीस चरत होती.

दहाव्या दिवशी हरिबा आला आणि बांधावर बसून शिव्या देऊ लागला, सरकारला, यंत्राला, लसवाल्यांना. धुळाजी फावडं टेकवून म्हणाला, "वरच्यांची चूक हाय, हरिबा. आमच्या पोरानं बराबर लिवलंतं. म्या सवता बघितलंय मोबाईलात. तीनशे बारा, माजा फोटू, समदं."

हरिबा उठून गेल्यावर सोमेश्वर बापाच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आबा, वरच्यांची चूक न्हाई."

"मग कुणाची?"

"माजी."

धुळाजी चुन्याची पाटी ओतत होता. ओतून झाल्यावर त्याने पाटी आपटून झाडली.

"एक वळ लिवायची व्हती, ती म्या लिवली न्हाई. आन् त्या दिवशी सकाळी म्या आपली पानं उघडून बघितली. म्या बघितलं म्हणून यंत्राला दिसलं न्हाई. न बघता गप बसलो असतो तर समद्यांची लस आली असती. हरिबाची बी. आपली बी."

बापाने आता फावडं उचलून पाठीत घालावं, निदान थू म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. कोणीतरी चूक म्हणायला हवं होतं. साहेबांनी म्हटली नाही, मॅडमनी त्याच्या वाटणीची निम्मी स्वतःवर घेतली, युवराज तर यंत्रालाच शिव्या घालत होता.

धुळाजीने पाटी खाली ठेवली.

"तू कावून बघितलंस?"

"काळजी वाटत व्हती. नीट हाय का न्हाई म्हणून."

"मंग?" म्हातारा म्हणाला. "आपल्या मेंढरांकडं आपण न्हाई बघायचं तर कुणी? मला ती वळबिळ काय कळत न्हाई, सोमा. त्या खड्ड्याला अजून दोन पाट्या चुना लागंल. आण जा."

सोमेश्वर चुना आणायला गेला. चुन्याच्या गोणीशी बसून तो पोरासारखा रडला, आणि दोन पाट्या भरून घेऊन आला. माफी मिळाली की बापाला कळलंच नाही, हे त्याला तेव्हा समजलं नाही आणि पुढेही कधी समजलं नाही.

चैत्राच्या शेवटी मोहिनी मॅडमचा फोन आला. सातवी तक्रार कोणा तरुण बाईंच्या टेबलावर गेली होती. त्यांनी पान न उघडता आधी पत्र वाचलं, आणि यंत्राचं त्या दिवसाचं दप्तर काढून बघितलं. नऊ वाड्यांची पुरवणी यादी मंजूर झाली होती.

"आकडा कुठला धरलाय, मॅडम?"

"माघातला. ज्या दिवशी चुकलं त्या दिवशीचा. मी नवा आकडा कळवला होता. पण पुरवणी म्हणजे जुन्याच यादीची दुरुस्ती, त्यात नवीन काही घालता येत नाही म्हणाल्या."

ठरल्या दिवशी सकाळी युवराज पेटी घेऊन आला. त्याने नेहमीची थट्टा केली नाही. पेटीवर चिठ्ठी होती: धुळाजी देवकते यांचा वाडा, ३१२. आत चार बाटल्या बर्फात बसवलेल्या.

"काका, देवी गेली आता. जी हायेत ती टोचून घिऊ, पुढच्या साली कामाला येईल," तो म्हणाला.

"टोच की," धुळाजी म्हणाला. "आलीय तर माघारी कशाला धाडायची?"

त्याने फेटा घट्ट केला, धोतराचा काचा मारला आणि जाळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आजवर हे काम त्याने कोणालाच करू दिलेलं नव्हतं. कडूबाई आतून एकेक मेंढरू हुसकायची, तो ते दोन गुडघ्यांत धरायचा, डाव्या हाताने मान वर करायचा, युवराज सुई टोचायचा, आणि गुडघे सैल होताच मेंढरू उडी मारून मोकळं व्हायचं. तीनशे मेंढरांना अर्धा दिवस लागायचा, आणि दुपारनंतर म्हाताऱ्याची कंबर धरलेली असायची. सोमेश्वर कागद घेऊन बाजूला उभा राहिला. प्रत्येक मेंढरामागे एक रेघ ओढायची होती.

काम झपाट्याने चाललं. ऊन अजून कोवळंच होतं. कडूबाईने एक पाय किंचित लंगडणारी मेंढी पुढे लोटली, धुळाजीने ती धरली, युवराजने टोचली, ती निघून गेली. सोमेश्वरने रेघ ओढली. सत्त्याऐंशी.

जाळीत आता कडूबाई एकटीच उभी होती.

धुळाजीला ते दिसलं नसावं. तो तसाच वाकलेला राहिला, गुडघे फाकवून, दोन्ही हात जाळीच्या तोंडाकडे पुढे केलेले. युवराज सुई हातात धरून थांबला.

"लोट की गं," धुळाजी म्हणाला.